माळावरचा तरवड

(ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

दख्खनच्या पठारावर पावसाळा सरत आला, रब्बी ज्वारीच्या पेरणीची लगबग सुरू झाली आणि डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडू लागले, की मुरमाड माळांवर आणि रस्त्यांच्या कडेला एक झुडूप ऐन भरात येते. कमरेपासून पुरुषभर उंचीपर्यंत वाढणारे, फांद्यांच्या शेंड्यांवर सोनपिवळ्या फुलांचे घोस धरणारे हे झुडूप म्हणजे तरवड होय. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर, सांगलीचा पूर्वभाग, पुणे जिल्ह्यातील पर्जन्यछायेचे तालुके येथील शेतकऱ्यास तो दाखवून द्यावा लागत नाही. नवरात्रात घटावर चढवावयाच्या माळेसाठी मुले सकाळीच माळावर जाऊन त्याची फुले खुडून आणतात. एरवी वर्षभर मात्र त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

गावच्या दप्तरातही त्याची हीच स्थिती आहे. सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते, पोटखराब्याची नोंद होते, बांधावरच्या आंब्या-चिंचेचाही शेऱ्यात उल्लेख येऊ शकतो. तरवड ज्या जमिनीवर उभा असतो ती जमीन 'पडीक' म्हणून लिहिली जाते, आणि एकदा पडीक म्हटले की तेथे काहीच नाही असे गृहीत धरूनच पुढील सर्व योजना आखल्या जातात. या गृहीतकाची तपासणी करणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तरवड हा वाटाणा, हरभरा, तूर यांच्याच विस्तीर्ण शेंगकुळातील आहे. फूल पाहून हे नाते चटकन ध्यानात येत नाही, कारण वाटाण्याचे फूल फुलपाखरासारखे असते आणि तरवडाच्या पाच पाकळ्या मोकळ्या पसरलेल्या असतात. या बाबतीत बहावा आणि गुलमोहर हे त्याचे जवळचे आप्त. शेंग मात्र संशयास जागा ठेवीत नाही: चपटी, पातळ, वाळल्यावर कागदासारखी खुळखुळणारी, आत दहा-वीस बिया. लिनिअस याने 1753 साली त्याला 'कॅशिया ऑरिक्युलाटा' असे नाव दिले. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'कानवाली' असा आहे. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन रुंद उपपर्णे असतात, त्यांवरून हे नाव पडले. पुढे 1982 साली 'कॅशिया' या मोठ्या प्रजातीची तीन प्रजातींत विभागणी झाली, तेव्हापासून 'सेना ऑरिक्युलाटा' हे नाव रूढ आहे. जुन्या पुस्तकांत एक आणि नव्या पुस्तकांत दुसरे नाव आढळले, तर ती दोन झाडे नव्हेत, एवढे शिक्षकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

हे कान म्हणजे शाळेतील मुलांसाठी ओळखीची उत्तम खूण आहे, आणि ही ओळख नीट असणे केवळ परीक्षेपुरते महत्त्वाचे नाही. याच प्रजातीतील कासविंदा, ज्याला काही भागांत रानटाकळा म्हणतात, हा पावसाळ्यात उकिरड्यांजवळ व पडक्या जागी उगवतो. त्याची फुलेही पिवळीच, शेंगाही लांबट. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षे हिवाळ्याच्या सुमारास लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत असत, आणि हा मेंदूज्वराचा प्रकार समजला जात असे. मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्यामुळे हे घडते, असे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. कासविंद्याची पाने चुरगळली असता उग्र दुर्गंध येतो आणि देठाशी ते रुंद कान नसतात. शाळेच्या आवारातील कासविंदा उपटून टाकावा, बाहेरच्या तरवडास हात लावू नये. अनेक ठिकाणी साफसफाईच्या उत्साहात दोन्ही एकाच फावड्याने निघतात.

तरवडाच्या फुलात मध नसतो. माशीला व भुंग्याला तेथे मिळतात ते पराग, आणि तेही सहजासहजी नव्हे. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात. उरलेल्यांचे परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला केवळ बारीक छिद्रे असतात. मोठा काळा भुंगा फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवितो, तेव्हा मिठाच्या भांड्यातून मीठ झडावे तसे पराग बाहेर झडतात. काही पराग त्याच्या अन्नाला जातात आणि काही अंगाला चिकटून पुढच्या फुलावर पोहोचतात. टोमॅटो व वांगी यांच्या फुलांतही परागकोशाची रचना अशीच छिद्राची आहे, आणि त्यांनाही असाच थरथरविणारा पाहुणा लागतो. ज्या शिवारात आश्विन-कार्तिकात अशा भुंग्यांना चरावयास माळ शिल्लक आहे, त्या शिवारातील माळवे करणाऱ्याला हा शेजार फुकट मिळालेला आहे. पांढरट-पिवळसर रंगाच्या भटक्या फुलपाखरांच्या अळ्याही तरवडाच्या पानांवर वाढतात.

कातड्याचे झाड

आज विसरले गेलेले तरवडाचे मोठे महत्त्व त्याच्या सालीत होते. वाळलेल्या सालीच्या वजनाच्या साधारण सहाव्या ते पाचव्या हिश्शाइतके टॅनिन तिच्यात असते. टॅनिनमुळे कच्चे कातडे कुजत नाही, त्याचे टिकाऊ चामडे होते. संस्कृत निघंटूंत या वनस्पतीला आवर्तकी म्हणतात, आणि 'चर्मरंगा' हेही तिचे एक नाव आढळते. ज्यांनी ते नाव दिले त्यांना तिचा उपयोग नेमका ठाऊक होता. महाराष्ट्रात बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल यांवर गावोगावचे ढोर समाजातील कारागीर कातडी कमावीत. कातड्याची पिशवी शिवून, तीत सालीचे पाणी भरून ती टांगून ठेवावयाची, पाणी झिरपत राहते तसतसे कातडे मुरते. ही पद्धत पाहिलेली माणसे कोल्हापूरच्या बाजूस अजूनही भेटतात. विहिरीवरची मोट, बैलाचे साज, वहाणा, सारे या कामातून येत असे. म्हणजे तेलाचे इंजिन व विजेचा पंप येईपर्यंत या पठारावरील बागायती एका अर्थाने माळावरच्या सालींच्या आधाराने चालली होती. त्या कारागिरांना गावाने दिलेली वागणूक मात्र त्यांच्या उपयुक्ततेस मुळीच शोभणारी नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दक्षिणेत हाच व्यवसाय फार मोठ्या प्रमाणावर चाले. तमिळ भाषेत तरवडास आवारै किंवा आवारम म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातून लंडनच्या बाजारात जाणारी अर्धकमाविलेली कातडी मुख्यत्वे या आवारमच्या सालीने कमाविलेली असत, आणि त्यांच्या फिकट, मऊ पोतामुळे त्यांना तेथे विशेष मागणी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या झाडाची साल येऊ लागली. वॅटल मूळची ऑस्ट्रेलियाची, योगायोगाने शेंगकुळातीलच. तिच्यात टॅनिन तरवडाच्या जवळजवळ दुप्पट, शिवाय माल एकसारखा आणि हवा तेवढा मिळणारा. तरवडाची साल झुडपाझुडपांतून सोलून, वाहून, वाळवून आणावी लागे. ती या स्पर्धेत टिकणे कठीणच होते. क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमाविण्याचे प्रयोग मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1903 च्या सुमारास सुरू केले होते. पुढे त्या पद्धतीने सालींचा प्रश्नच बव्हंशी निकालात काढला.

या कथेचा उत्तरार्ध नियोजनात रस असणाऱ्यांनी लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ भारताने 1946 साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार थांबविला. सालीची टंचाई भासू लागली, तेव्हा निलगिरी व पळणीच्या डोंगरांवर वॅटलची लागवड वाढविण्यात आली. ती ज्या जागांवर झाली त्या उंचावरील गवताळ कुरणांना त्या वेळच्या दप्तरात उपयोगाची जमीन मानलेले नव्हते. आज तेथे वॅटल आटोक्याबाहेर पसरली आहे. कुरणे झाकली गेली, त्या कुरणांतून झिरपणाऱ्या झऱ्यांचा प्रश्न उभा राहिला, आणि तमिळनाडूत ती काढून टाकण्याची कामे हाती घ्यावी लागली. सपाट प्रदेशात आधीपासून उभ्या असलेल्या झुडपाची उपेक्षा करून डोंगरावर परके झाड लावले गेले, आणि त्याची गरज संपल्यावर ते काढण्यासाठी पुन्हा सरकारी तिजोरीतून खर्च होत आहे.

तरवडाच्या सालीवर आज पुन्हा मोठा उद्योग उभा राहील अशी आशा दाखविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्रोमियमने काही तासांत वा दिवसांत जे होते त्याला सालीच्या कामात आठवडे लागतात. तथापि क्रोमियमच्या सांडपाण्याची किंमतही देशाने मोजली आहे. वेल्लोर भागातील पालार नदीच्या प्रदूषणाचा 1996 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सर्वश्रुत आहे. दुसरीकडे, झाडांच्या साली-फळांनी कमाविलेल्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल 2019 साली महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकनास पात्र ठरली. त्या कारागिरांना लागणारी साल मिळत राहावी एवढ्यापुरता का होईना, हा विषय अजून मिटलेला नाही. साल घेण्याचीही रीत आहे. झुडूप मुळासकट न उपटता फांद्या बुंध्याशी छाटल्या, तर पुढच्या पावसात धुमारे फुटतात.

माळ पडीक आहे काय?

केंद्र शासनाच्या भूमी संसाधन विभागाने 2019 साली पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात झुडपी जमीन, मग ती दाट झुडपांची असो की विरळ, ही पडीक जमिनीचीच एक वर्गवारी आहे. वर्गवारी करणाऱ्यांचा उद्देश वाईट नाही, जमिनीची उत्पादकता वाढावी असाच आहे. परंतु या शब्दाचा गावपातळीवर होणारा परिणाम निराळा असतो. वृक्षलागवडीसाठी जागा हवी असली की गायरानाकडे बोट दाखविले जाते. महाराष्ट्रात 2016 साली दोन कोटी, 2017 साली चार कोटी, 2018 साली तेरा कोटी आणि 2019 साली तेहतीस कोटी रोपे लावण्याची उद्दिष्टे ठरविण्यात आली. एवढे खड्डे कोठे तरी घ्यावेच लागतात. ते माळावर घेतले जातात, आणि खड्डे घेण्यापूर्वी माळ 'साफ' केला जातो. समतल चरांचे काम यंत्राने उरकताना काही निराळे घडत नाही. एका दिवसात वीस-पंचवीस वर्षांची झुडपे ढिगाऱ्यात जातात आणि त्यांच्या जागी आलेली रोपे दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळतात.

यात एक विसंगती अशी की, 1982 साली सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते स्थापन झाल्यानंतर गिरिपुष्पाची जी भरपूर लागवड झाली, तिच्या मागे एक कारण असे होते की शेळ्या-मेंढ्या त्याला सहसा खात नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो. तरवडालाही जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत. कुंपण नको, पाणी नको, रोपवाटिका नको. मुरमात, हलक्या जमिनीत, काळ्या जमिनीच्या कडेला, किंचित खारवट मातीतही तो उभा राहतो. त्याची मुळे उताराची माती धरून ठेवतात. त्याच्या आडोशाला पवन्या, शेडा यांसारखी गवते चराईतून वाचतात, आणि बोर, हिवर, लिंब यांची आपोआप उगवलेली रोपे शेळीच्या नजरेआड चार पाने धरतात. जो माळ एवढे काम स्वतः करीत आहे त्याला पडीक म्हणणे हा भाषेचा अपुरेपणा आहे.

तरवडाची बाजू मांडताना अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. शेंगकुळातील प्रत्येक झाड हवेतील नत्र जमिनीत आणते असे सर्रास सांगितले जाते आणि तरवडासही ते श्रेय दिले जाते. ते बरोबर नाही. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवर ज्या गाठी असतात तशा गाठी 'सेना' प्रजातीतील झाडांच्या मुळांवर धरत नाहीत. तरवडाचा पाला हिरवळीचे खत म्हणून चांगला आहे, तमिळनाडूत चोपण भातखाचरांत तो तुडविण्याची जुनी वहिवाट आहे, परंतु त्या पाल्यातील अन्नद्रव्य हे त्याच जमिनीतून वर आलेले असते. शाळेतील मुलांना तुरीचे व तरवडाचे मूळ हलक्या हाताने उकरून दोन्ही शेजारी ठेवून दाखविले, तर पाठ्यपुस्तकातील एक सर्वसाधारण विधान कोठे थांबते ते त्यांना कळेल.

दुसरे असे की, ज्या माळावर तरवडाखेरीज काहीच उरलेले नाही, तेथे तरवडाची दाटी हे समृद्धीचे नव्हे, तर अतिचराईचे लक्षण समजावे. जनावरांनी खाण्याजोगे सारे संपविले आणि नावडते तेवढे उरले, असा त्याचा अर्थ. अशा ठिकाणी उपाय तरवड काढण्याचा नसून चराई दोन-तीन पावसाळे आळीपाळीने बंद ठेवण्याचा आहे. तो गावाला पटवून देणे यंत्र मागविण्याइतके सोपे नाही. मेंढपाळांच्या येण्याजाण्याच्या वाटा, भूमिहीनांच्या शेळ्या, हे सर्व त्यात येते, आणि त्यांना न विचारता केलेला चराईबंदीचा ठराव कागदावरच राहतो.

औषधी उपयोगाविषयी एकच सूचना. तरवडाच्या फुलांचा व बियांचा उपयोग प्रमेहावर करण्याची परंपरा आयुर्वेदात व सिद्ध वैद्यकात आहे. श्रीलंकेत 'रनवरा' या नावाने त्याच्या फुलांचा काढा चहाप्रमाणे घेतला जातो. परंतु फुलांचे पाणी सुरू केले म्हणून मधुमेहाची चालू औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून बंद करणे धोक्याचे आहे. आरोग्य उपकेंद्रातील सेविकांनी हे घरोघर सांगणे अगत्याचे आहे.

फुलाचा मान

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे या फुलाला मोठाच मान आहे. तेलुगू भाषेत तरवडास तंगेडु म्हणतात. 2014 साली तेलंगण राज्य निर्माण झाले तेव्हा तंगेडु हे त्याचे राज्यपुष्प ठरले. तेथील बतुकम्मा या सणात, जो नवरात्राच्याच सुमारास नऊ दिवस चालतो, स्त्रिया तंगेडु व इतर रानफुलांचे थर रचून त्यांभोवती फेर धरतात आणि अखेरच्या दिवशी फुले तळ्यात सोडतात. सोलापुरातील तेलुगू भाषक विणकर कुटुंबांतही हा सण होतो. तमिळनाडूच्या कोंगू भागात पोंगलच्या आदल्या दिवशी लिंबाच्या डहाळीबरोबर आवारमची फुले दाराला बांधतात. म्हणजे घटाची माळ, बतुकम्माचा थर आणि पोंगलची डहाळी, तीन भाषांतील शेतकऱ्यांनी एकच झुडूप निवडले आहे. दुष्काळी पठारावर पीक गेले तरी जे फुलते, त्यालाच सणात जागा मिळाली, यात नवल नाही.

मराठी मुलुखातही त्याचे नाव खेड्यांनी जपले आहे. नेवासे तालुक्यातील तरवडी हे गाव वाचकांना ठाऊक असेल ते मुकुंदराव पाटील यांच्या 'दीनमित्र'मुळे. सत्यशोधक विचारांचे हे पत्र त्यांनी 1910 साली हाती घेतले आणि दीर्घकाळ या लहानशा खेड्यातून चालविले. ज्या गावाच्या नावात तरवड आहे तेथील शाळेने परिसर अभ्यासाचा पहिला धडा त्यापासून सुरू करावयास हरकत नसावी.

कायद्याने गावाच्या हाती एक साधन दिलेले आहे. जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची व लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ 2012 साली नागपूर येथे स्थापन झाले. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली या नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून दिली, तेव्हा देशभर त्या भरण्याची धावपळ झाली. धावपळीत भरलेल्या वहीत वड, पिंपळ, लिंब येतात आणि झुडपे राहून जातात. ज्या पंचायतीत अशी वही कपाटात आहे, तिने ती काढून गायरानाचे पान उघडावे. गावात कातडी कमाविण्याचे काम केलेल्या घरांतील वृद्ध, मेंढपाळ, आणि नवरात्रात फुले आणणारी मुले यांना बरोबर घेऊन माळावर एक फेरी केली, तर ते पान भरण्यास एक सकाळ पुरते. तरवड कोणत्या उतारावर दाट आहे, त्याखाली कोणती गवते उरली आहेत, कोणती रोपे आडोशाला वर येत आहेत, भुंगे कोणत्या महिन्यात दिसतात, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले.

ही नोंद झाली म्हणजे चराचे किंवा लागवडीचे अंदाजपत्रक मंजुरीस येईल तेव्हा समितीपुढे काहीतरी ठेवता येईल. चराची आखणी झुडपांच्या रांगा वाचवून करता येते. खड्डे तरवडाच्या सावलीच्या बाजूला घेता येतात. जेथे माती वाहून गेली आहे तेथे चराच्या भरावावर तरवडाचे बी टोकता येते. बीचे कवच टणक असल्याने ते आधी गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्यावे, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर टोकावे. बी विकत घ्यावे लागत नाही. पौष-माघात शेंगा वाळून खुळखुळू लागल्या, की शाळेच्या सुटीत पोरे ते पोतेभर गोळा करून आणतील.